सरकारी खरेदीची विद्या

बाजारात भाजी घेणारी गृहिणी आणि सैन्यासाठी धान्य घेणारे सरकार, दोघेही खरेदीच करतात. पण गृहिणीच्या हातातील पैसा तिचा स्वतःचा असतो, घेतलेली वस्तू तिच्याच घरी शिजायची असते, आणि एका दुकानदाराने फसवले तर दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या दुकानाची पायरी चढते. सरकारच्या खरेदीत या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सुटतात. पैसा करदात्याचा असतो, वस्तू कोणा शिपायाच्या किंवा रुग्णाच्या वाट्याला जायची असते, आणि सौदा ठरवणारा अधिकारी तिसराच असतो. भाव चढला तर त्याच्या खिशाला तोशीस नाही. कापड विरले तर त्याचे अंग भिजत नाही. राजाच्या द्रव्याचा अपहार करण्याचे चाळीस प्रकार कौटिल्याने मोजून ठेवले आहेत, तेव्हा हा रोग काही नवा नव्हे.

नवी आहे ती या रोगाच्या चिकित्सेची विद्या. सरकारने कोणाकडून, कशा रीतीने आणि कोणत्या अटींवर विकत घ्यावे, याचा कायदा हा विद्यापीठात स्वतंत्रपणे शिकवण्याजोगा विषय आहे, आणि कायद्याच्या पदवीधराने त्यात पुढची पदवी घ्यावी एवढे त्याचे क्षेत्र विस्तीर्ण आहे, ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात १९६० मध्ये या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. राज्यसंस्था हजारो वर्षे खरेदी करीत आली असता तिच्या खरेदीच्या कायद्याला विद्यापीठाचे दार गाठण्यास एवढा काळ का लागला, याचे उत्तर त्या कायद्याच्या जन्मकथेतच सापडते. हा कायदा कोणा पंडिताने शांतपणे बसून रचलेला नाही. एकेका युद्धाने आणि एकेका लबाडीने त्याचे एकेक कलम लिहवून घेतले आहे.

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सॅम्युएल पीप्स नावाचा एक गृहस्थ १६६० मध्ये आरमाराच्या मंडळाचा चिटणीस झाला. केंब्रिजचा हा पदवीधर. परंतु जहाजांसाठी लाकूड, ताग, डांबर घेण्याचे काम अंगावर पडल्यावर त्याच्या ध्यानात आले की आपल्याला साधे गुणाकाराचे पाढेही येत नाहीत. तेव्हा १६६२ च्या उन्हाळ्यात, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने एका जहाजावरील दुय्यम अधिकाऱ्याकडून पाढे शिकण्यास प्रारंभ केला. पुढे लाकडाचे माप कसे घ्यावे आणि व्यापारी त्या मापात कोठे चोरी करतात, हेही तो जहाजबांधणीच्या जाणकाराकडून शिकला. सरकारी खरेदीच्या विद्येचा हा एक जुना विद्यार्थी म्हणावयास हरकत नाही.

मात्र याच पीप्सच्या रोजनिशीत १६६३ च्या एप्रिलमधील एक नोंद आहे. एका कप्तानाला त्याच्याकडून काम मिळाले होते. कप्तानाने त्याच्या हाती एक बंद पाकीट दिले. आत पैसे आहेत हे पीप्सने ओळखले. पण त्याने ते कार्यालयात जाऊन उघडले आणि पाकिटात न डोकावता आधी सारी नाणी बाहेर सांडून घेतली. हेतू हा की, पुढे कोणी विचारलेच तर पाकिटात पैसे पाहिले नाहीत, असे शपथेवर सांगता यावे. पाढे आलेला, माप कळणारा, कामात चोख असलेला हा अधिकारी स्वतःच्या विवेकाशी अशी पळवाट काढीत होता. अधिकाऱ्याचे ज्ञान वाढले म्हणून खरेदी शुद्ध होत नाही. ज्ञानाला नियमाची जोड लागते, एवढे या एका पाकिटावरून दिसते.

इंग्लंडमध्ये जे एका चिटणिसाच्या रोजनिशीत उतरले, ते पुढे अमेरिकेत एका राष्ट्राच्या कायद्यात उतरले. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात त्या नव्या राष्ट्राचे सैन्य अन्नवस्त्रासाठी तळमळत होते. १७८१ मध्ये अर्थकारभार हाती घेतल्यावर रॉबर्ट मॉरिस याने शिपायांचा शिधा मक्त्याने पुरवून घेण्याची पद्धत आणली. १७९४ मध्ये सहा युद्धनौका बांधण्याचा ठराव झाला तेव्हा त्या एकाच गोदीत न बांधता सहा निरनिराळ्या बंदरांत बांधावयाच्या ठरल्या. खर्च वाढला तरी काम आणि संतोष अनेक नगरांत वाटला गेला. सरकारी खरेदीत भाव आणि गुण यांबरोबर राजकारण हाही एक पक्ष असतो, हे तेव्हापासून प्रकट आहे. १७९५ मध्ये सार्वजनिक पुरवठ्यासाठी स्वतंत्र खरेदी-अधिकारी नेमण्यात आला. १८०८ मध्ये काँग्रेसच्या सभासदाने सरकारी मक्त्यात लाभ घेऊ नये असा कायदा झाला, आणि १८०९ मध्ये खरेदी उघड बाजारात किंवा आगाऊ जाहिरात देऊन दर मागवून करावी असे ठरले. आज वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर दिसणाऱ्या टेंडर नोटिशीच्या पूर्वजांपैकी हा एक.

पण खरी शाळा उघडली ती १८६१ च्या यादवी युद्धाने. उत्तरेकडील राज्यांना काही महिन्यांत लाखो शिपायांना कपडे, जोडे आणि बंदुका द्यावयाच्या होत्या. जाहिरात देण्यास वेळ कोठला! मक्तेदारांची झुंबड उडाली. जुन्या चिंध्या पिंजून, त्यांचे तंतू दाबून केलेल्या कापडाचे गणवेश शिपायांच्या अंगावर आले आणि पावसात ते उसवून गळू लागले. त्या कापडाला ‘शॉडी’ म्हणत. हलक्या, नकली मालाला इंग्रजीत तोच शब्द पुढे रूढ झाला.

बंदुकांची कथा तर याहून विलक्षण. सरकारच्या कोठारात पाच हजार जुन्या हॉल कार्बाइन बंदुका पडून होत्या. निरुपयोगी ठरवून सरकारनेच त्या प्रत्येकी साडेतीन डॉलरला विकून टाकल्या. त्या दोन हातांतून फिरल्या, थोड्याफार दुरुस्त झाल्या, आणि सेंट लुईस येथील सेनापती फ्रीमाँट यांच्या सैन्याला बावीस डॉलर दराने पुन्हा विकण्यात आल्या. आपलीच वस्तू सरकारने सहापटीहून अधिक भावाने विकत घेतली. यात चोर कोण हे मात्र सहज सांगता येईना. विकणाऱ्या अधिकाऱ्याने नियम पाळला होता, घेणाऱ्या सेनापतीला शस्त्रांची निकड होती, आणि मधल्या व्यापाऱ्याने व्यापार केला होता. काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने १८६१ मध्येच चौकशी समिती नेमली आणि तिच्यापुढे असल्या कथांचा ढीग लागला.

त्यातून १८६३ च्या मार्चमध्ये एक कायदा जन्मास आला. लिंकनच्या काळातला म्हणून त्याला लिंकनचा कायदा असेही म्हणतात. सरकारकडे खोटी मागणी करून पैसे उकळणाऱ्याकडून हानीची दुप्पट भरपाई आणि प्रत्येक खोट्या मागणीमागे दोन हजार डॉलर दंड वसूल करावा, असे त्यात होते. याहून धीट तरतूद पुढची होती. ही लबाडी ज्याला ठाऊक असेल त्या कोणाही नागरिकाने सरकारच्या वतीने स्वतः दावा लावावा आणि वसुलीतील अर्धा वाटा घ्यावा! चोराच्या साथीदारालाच चोर पकडण्याचा मोह घालणारी ही युक्ती होती. १९४३ मध्ये तिचे दात काढले गेले. १९८६ मध्ये ते पुन्हा बसवले गेले आणि भरपाई दुपटीची तिप्पट झाली.

दोन महायुद्धांनी या कायद्याचा विस्तार केला. पहिल्या महायुद्धात घाईमुळे असे मक्ते दिले गेले की, मक्तेदाराला खर्च मिळे आणि त्या खर्चावर शेकड्याने नफाही मिळे. खर्च जितका वाढेल तितका नफा मोठा, मग काटकसर कोण करील? दुसऱ्या महायुद्धात ही रीत कायद्याने बंद केली. १९४१ मध्ये मिसूरीचे सिनेटर हॅरी ट्रूमन यांनी आपल्याच राज्यातील लष्करी छावणीच्या बांधकामावरील उधळपट्टी पाहिली आणि सिनेटची चौकशी समिती उभी केली; त्या समितीने त्यांना देशभर नाव मिळवून दिले. १९४२ मध्ये मक्तेदाराचा नफा वाजवीपेक्षा अधिक ठरल्यास तो परत घेण्याचा कायदा झाला. युद्ध संपल्यावर १९४७ चा सैन्यखरेदीचा आणि १९४९ चा मुलकी मालमत्तेचा, असे दोन मोठे कायदे झाले आणि सरकारी खरेदीला एक स्थिर चौकट मिळाली.

तथापि चौकट म्हणजे विद्या नव्हे. १९५० च्या सुमारास या विषयाचे ज्ञान चार दिशांना विखुरलेले होते. काही खात्यांच्या जाड नियमपुस्तकांत होते. काही महालेखापालांच्या निर्णयांत होते, कारण ज्याचे टेंडर नाकारले गेले तो १९२० नंतरच्या दशकापासून त्यांच्याकडे दाद मागत असे. काही सैन्याच्या अपील मंडळापुढील निकालांत होते, आणि काही १८५५ पासून सरकारविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या दावे-न्यायालयाच्या खंडांत. सरकार हे अमेरिकेतील सर्वांत मोठे गिऱ्हाईक झाले होते. पण त्या गिऱ्हाइकाशी वागण्याचे नियम वकिलाला महाविद्यालयात कोणी शिकवीत नव्हते. तो ते अशिलाच्या पैशाने, चुका करीत करीत शिके.

ही उणीव वॉशिंग्टनमध्ये भरून निघावी हे स्वाभाविकच होते. खाती तेथे, लेखापाल तेथे, न्यायालय तेथे. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील राल्फ नॅश आणि जॉन सिबिनिक या दोन प्राध्यापकांनी हे विखुरलेले साहित्य गोळा केले, त्यातून तत्त्वे वेचली आणि विषयाची दोन अंगे पाडली. पहिले अंग करार कसा घडतो याचे, म्हणजे जाहिरात, दर, निवड आणि अधिकार यांचे. दुसरे अंग करार झाल्यावर तो कसा चालवावा याचे, म्हणजे कामातील बदल, विलंब, तपासणी, मोबदला आणि करार मोडण्याचे. या दोन अंगांवरचे त्यांचे ग्रंथ त्या क्षेत्रातील वकिलांच्या टेबलावर कायम राहिले. सैन्यातील कायदा-अधिकारी, खात्यांचे वकील आणि मक्तेदारांचे वकील एकाच वर्गात बसू लागले. पुढे शार्लट्सव्हिल येथील सैन्याच्या विधिशाळेतही हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवला जाऊ लागला.

या वर्गात विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो हा की, सरकारशी केलेला करार हा दोन व्यापाऱ्यांमधील करारासारखा नसतो. आयडाहो राज्यातील एका शेतकऱ्याची गोष्ट तेथे हमखास सांगितली जाते. त्याने आपल्या गव्हाचा सरकारी पीकविमा मागितला. गव्हाचा बराचसा भाग दुसऱ्यांदा पेरलेला होता, आणि तसे त्याने सांगितलेही होते. स्थानिक अधिकारी म्हणाले, हरकत नाही. दुष्काळाने पीक गेले तेव्हा विमा महामंडळाने राजपत्रातील नियम दाखवला की, दुसऱ्या पेरणीच्या पिकाला विमा लागू नाही. १९४७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शेतकऱ्याविरुद्ध निकाल दिला. सरकारशी व्यवहार करणाराने समोरच्या अधिकाऱ्याचा अधिकार कोठवर आहे हे स्वतःच्या जोखमीवर पाहून घ्यावे, असा त्या निकालाचा आशय. त्या शेतकऱ्याने राजपत्र कधी पाहिले तरी असेल का, हा प्रश्न विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनाही सुटला नाही.

दुसरा धक्का १९६३ चा. लुइझियानातील फोर्ट पोक या छावणीत दोन हजार घरे बांधण्याचा मक्ता एका कंपनीला मिळाला होता. छावणीच बंद करण्याचे ठरल्यावर सैन्याने मक्ता रद्द केला. सरकारला आपल्या सोयीने करार संपवता यावा असे कलम नियमाप्रमाणे त्यात असावयास हवे होते; पण ते लिहिलेच गेले नव्हते. कंपनीने बुडालेला सारा नफा मागितला. दावे-न्यायालय म्हणाले, नियमाला कायद्याचे बळ आहे, म्हणून न लिहिलेले कलमही करारात आहे असेच वाचावयाचे. सही करणाऱ्याने कधी न पाहिलेली अट त्याच्यावर बंधनकारक ठरली.

या दोन निकालांत जे कठोर दिसते त्यामागे एक भय आहे. एखाद्या अधिकाऱ्याच्या चुकीने किंवा लाचेने साऱ्या जनतेचा खजिना बांधला जाऊ नये, हे ते भय. पण त्याची दुसरी बाजू अशी की, प्रामाणिक विक्रेता अशा गिऱ्हाइकापासून दूर राहील, किंवा जोखमीची किंमत आधीच भावात धरील. फसवले जाण्याचे भय आणि निर्णयच न घेण्याचे भय, या दोहोंच्या मधून वाट काढण्याचे शिक्षण म्हणजे ही पदवी.

भारतात हाच पेच न्यायालयांपुढे त्याच काळात उभा राहिला. शासनाचा करार राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावे व्यक्त झालेला असावा आणि अधिकार दिलेल्या माणसाने तो करावा, असे राज्यघटनेचे २९९ वे कलम सांगते. १९३५ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती. १९४३ च्या टंचाईच्या काळात दानापूरच्या रेल्वे अधिकाऱ्यांनी कर्मचाऱ्यांसाठी धान्याच्या मागण्या एका व्यापाऱ्याकडे नोंदवल्या. काही धान्य घेतले, पण १ सप्टेंबरनंतर रेल्वेने उरलेले घेण्याचे नाकारले. व्यापाऱ्याने तोट्यात विक्री करून भरपाई मागितली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विहित नमुन्यात करार झालाच नाही, म्हणून भरपाईही नाही. अठरा वर्षांच्या वाटेचा हा शेवट होता. त्याच वर्षी बंगालमधील आरामबाग येथे अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून गुदामे बांधून देणाऱ्या एका मक्तेदाराला मात्र न्यायालयाने मोबदला देवविला. करार नसला तरी काम फुकट करून दिलेले नव्हते आणि सरकारने त्याचा लाभ घेतला होता, म्हणून करार कायद्याच्या ७० व्या कलमाने न्यायालयाने ही झडप उघडी ठेवली.

मराठी मुलखाशी या प्रश्नाचा संबंध विडीच्या मार्गाने आला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा मतदारसंघातून निवडून आलेले चतुर्भुज जसानी ज्या भागीदारी संस्थेचे भागीदार होते, ती सैनिकांच्या कँटीनसाठी केंद्र सरकारला विड्या पुरवीत असे. सरकारी मक्त्यात हितसंबंध असलेल्याला लोकसभेत बसता येत नाही, असा आक्षेप निघाला. बचाव असा की, हा व्यवहार २९९ व्या कलमाच्या नमुन्यात नाही, म्हणजे तो करारच नव्हे! नागपूरशी दीर्घकाळ संबंध असलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९५४ मध्ये हा बचाव मान्य केला नाही. नमुना नसल्याने सरकारवर दावा चालणार नाही कदाचित. पण विड्या गेल्या आणि पैसे आले, हा व्यवहार शून्य होता असे कसे म्हणावे? निवडणूक टिकली नाही. त्याच वर्षी भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली. ज्या मसुदा समितीच्या हातून राज्यघटना घडली तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या पोटनिवडणुकीत उमेदवार होते आणि पराभूत झाले. अशोक मेहता याच पोटनिवडणुकीतून लोकसभेत गेले.

१९७९ मध्ये मुंबई विमानतळावरील एका उपाहारगृहाच्या मक्त्यावरून आणखी एक पाऊल पुढे पडले. पाच वर्षांचा अनुभव असलेल्या, दुसऱ्या वर्गाच्या नोंदणीकृत हॉटेलचालकानेच टेंडर भरावे अशी अट जाहीर झाली होती, आणि मक्ता मात्र ती अट न पुरवणाऱ्याला मिळाला. न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने सांगितले की, शासनाने स्वतः जाहीर केलेल्या कसोटीला शासनही बांधलेले आहे. मक्ता देणे हा समतेच्या कलमाबाहेरचा कृपाप्रसाद नव्हे. दावा लावणाऱ्याला मात्र विलंबासह इतर कारणांमुळे काही मिळाले नाही. तो रिकाम्या हाताने परतला; तत्त्व मात्र त्याच्यानंतर टेंडर भरणाऱ्या प्रत्येकाच्या कामी आले.

जगभर या विषयाची वाढ पुढे वेगाने झाली. १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या चौकटीत सरकारी खरेदीची पहिली आंतरराष्ट्रीय संहिता ठरली, १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचा नमुना-कायदा आला आणि २०११ मध्ये तो सुधारला गेला. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठ हे या अध्ययनाचे दुसरे पीठ बनले. भारतात तामिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने त्यानंतर लवकरच आपापले कायदे केले. केंद्राचे विधेयक मात्र २०१२ मध्ये लोकसभेत आले आणि २०१४ मध्ये त्या सभागृहाबरोबरच संपुष्टात आले. पुरवठा आणि विल्हेवाट यांचे जुने महासंचालनालय २०१७ मध्ये बंद झाले, त्याच्या आधीच्या वर्षी संगणकावरील सरकारी बाजारपेठ उघडली, आणि केंद्राची खरेदी २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांच्या आधारे चालू राहिली.

यंत्रे बदलली तरी पाकीट तेच आहे. पूर्वी ते मेजावर येई, आता पडद्यामागून येईल एवढेच. म्हणून या पदवीचा विद्यार्थी जे वाचतो ते कोरडे नियम नव्हेत. पावसात गळणाऱ्या गणवेशातील शिपाई, राजपत्र न वाचलेला शेतकरी आणि अठरा वर्षे भरपाईची वाट पाहणारा धान्याचा व्यापारी, ही माणसे प्रत्येक कलमाच्या मागे उभी आहेत. जो अधिकारी किंवा वकील त्यांना ओळखील, तो नियम वाकवणारही नाही आणि नियमाच्या आड लपणारही नाही. एवढे साधले तरी त्या विद्येचे प्रयोजन पूर्ण झाले.